इंचाला चार आटे, आणि तेच ठेवले

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये वडिलांनी घेतलेला सहा फुटी लेथ आहे, म्हणजे धातूचा गज फिरवून कापायचे यंत्र. एका बंद पडलेल्या गिरणीच्या वर्कशॉपमधून आलेला, बिडाचा, जड, सगळी मापे इंचात. नेमप्लेट आमच्याकडे यायच्या आधीच कोणीतरी काढून नेलेली. आमचे मुख्य काम पॉवरलूमच्या सुट्या भागांचे, आणि जुन्या मागांवर अजून व्हिटवर्थ, म्हणजे इंचाच्या जुन्या ब्रिटिश मापाचे आटेच चालतात. पाच सूत (पाच अष्टमांश इंच) बोल्ट म्हणजे इंचाला अकरा आटे. त्यामुळे या लेथला निवृत्ती नाही.

तक्रार आली ती लांब स्टडची, म्हणजे आटे पाडलेल्या बिनडोक्याच्या गजाची. नट दोन-तीन इंच मजेत फिरायचा आणि पुढे आवळत जायचा. आखूड बोल्टला मात्र काहीच नाही.

आटे पाडताना सॅडल, म्हणजे हत्यार धरणारा सरकता भाग, पुढे नेतो तो लांब लीड स्क्रू. तो गेला की नाही हे बघायची सोलापुरातली सर्वमान्य पद्धत म्हणजे हाफ नट (स्क्रूला पकडणारा दोन तुकड्यांचा नट) बंद करून सॅडल हाताने पुढेमागे हलवणे. खडखडले की गेला. आमचे टर्नर मास्तरही तेच करून म्हणाले, "मालक, एवढा प्ले आहे, अजून काय बघायचं?" पण नुसत्या ढिलेपणाने आटे चुकत नाहीत. कापताना स्क्रू नटाला एकाच दिशेने रेटतो, त्यामुळे फट नेहमी एकाच बाजूला राहते. सगळा स्क्रू सारखा झिजला असता तर आटे बरोबरच पडले असते. घोळ होतो तो कमीजास्त झिजेमुळे.

म्हणून बारीक सरक काट्यावर दाखवणारा डायल गेज लावला. आमचा स्क्रू इंचाला चार आट्यांचा, म्हणजे चार फेऱ्यांत सॅडल बरोब्बर एक इंच सरकायला हवे. स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा, मागे घ्यायचा नाही, आणि बेडवर (सॅडल ज्यावरून सरकते तो पाया) ठिकठिकाणी मोजत जायचे. शेपटाकडे, लेथच्या दूरच्या टोकाला, माप चोख. जॉब पकडणाऱ्या चकाजवळ, जिथे झीज सगळ्यात जास्त, तिथेही जवळपास चोख! चूक होती मधल्या पट्ट्यात, जिथे चांगला भाग संपून झिजका सुरू होतो. तिथे सॅडल इंचामागे चार-पाच थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मागे राहत होते. लांब स्टड कापताना ते नेमके याच पट्ट्यातून जाते. मास्तरांनी गेज दोनदा शून्यावर आणून स्वतः बघितला, मगच मान्य केले.

पुसून बघितल्यावर आट्यांनीही तेच सांगितले. या मापाच्या ॲक्मे, म्हणजे उतरत्या बाजूंच्या आट्याचा माथा सुमारे 2.35 मिमी रुंद असतो. चकाजवळ जेमतेम दीड मिमी उरला होता. चकाकडे तोंड असलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत, आणि पाठीमागच्या बाजूवर मूळ टूलच्या बारीक रेघा अजून दिसत होत्या.

एवढी झीज होण्यात आपल्या गावाचाही हात आहे. शेजारी दोन्ही बाजूंना टॉवेलचे माग. कापसाचे तंतू उडत येतात, तेलकट स्क्रूला चिकटतात, आणि त्यात बिडाची पूड अडकली की घासायची पेस्टच तयार. वर टर्नर लोकांची सवय: फीडचा, म्हणजे सॅडल आपोआप सरकवायचा क्लच घसरतो म्हणून साध्या टर्निंगलाही हाफ नट टाकायचा. फीडची दांडी वेगळी दिलेली असते ती स्क्रू वाचावा म्हणूनच ना!

स्वस्तातला उपाय म्हणजे स्क्रू उलटा घालणे. शेपटाकडचा कोरा भाग चकाजवळ येतो, आणि न झिजलेली बाजू कामाला लागते, कारण टोके बदलली की आट्याची तोंडेही बदलतात. उजवा आटा उजवाच राहतो. टोके नव्याने टर्न करून स्लीव्ह घालावी लागते, एवढेच. उपाय उत्तम, पण आमच्या स्क्रूवर मध्ये कोणीतरी पूर्वी वेल्डिंगने आटा भरलेला होता, स्क्रू उलटा केला तरी तो भाग मध्येच राहणार. नवा करणे आले.

तयार मिळतो तो 6 मिमी पिचचा (आट्यापासून आट्याचे अंतर) मेट्रिक स्क्रू. दुकानदार म्हणाला, "थोडाच फरक आहे की." आमचा पिच 6.35. म्हणजे गिअरबॉक्सवरच्या तक्त्यातला प्रत्येक आटा साडेपाच टक्के आखूड, आणि थ्रेडिंग डायल, हाफ नट कधी टाकायचा ते दाखवणारी तबकडी, शोभेची वस्तू. मेट्रिक आटे हवेत तर इंची स्क्रूवर 127 दातांचा गिअर लावून पडतात, कारण इंच म्हणजे 25.4 मिमी आणि त्याची पाचपट 127. तो गिअर आमच्याकडे आहे. इंचाचा स्क्रू इंचाचाच ठेवायचा, यावर मी अडून बसलो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लांब बेडवर तो कापून घेतला. माल ईएन 8 पोलाद, नॉर्मलाइज केलेला (तापवून हवेत निववलेला). ओढीव गज घेतला तर आटे पाडताना वरची कातडी निघते, आतला ताण मोकळा होतो आणि गज वाकतो. तिथल्या कारागिराने रफ कापून तो उभा टांगून ठेवला, फिनिश नंतर केला. पीव्हीसी पाइपात घालून ट्रान्सपोर्टने आला.

हाफ नटही तिथेच, गनमेटलचा, म्हणजे एका प्रकारच्या काशाचा. दोन तुकडे डाग देऊन जोडायचे, एकसंध समजून बोअर करून आटे पाडायचे, मग डाग वितळवून वेगळे करायचे. नव्या स्क्रूवर जुना नट बसवणारे बघितलेत मी. जुन्या नटाचे आटे जुन्या झिजेच्या आकाराला सरावलेले असतात, ते नव्या स्क्रूवर धड टेकत नाहीत. तो पैसा पाण्यात.

काढणे-घालणे अर्ध्या दिवसाचे. टेपर पिन बारीक बाजूने ठोकायची, शेपटाचा ब्रॅकेट सोडायचा, हाफ नट उघडा ठेवून स्क्रू ओढून घ्यायचा. वेळ खाल्ला तो लाइन जुळवण्याने. बेड आणि सॅडल झिजले की एप्रन, म्हणजे सॅडलखालची हाफ नट बसवलेली पेटी, खाली उतरतो, त्याच्याबरोबर हाफ नटही. स्क्रूच्या वर डायल गेज टेकवून ब्रॅकेटजवळ नट बंद केला तर काटा टुणकन खाली: नट स्क्रूला खाली ओढत होता. मास्तर म्हणाले, "चालवा की, रुळंल." रुळले असते, पण नव्या स्क्रूचे आटे खाऊन. सॅडल आणि एप्रनच्या मधली जुनी पॅकिंग पट्टी काढून बारीक घासली. नट बंद करताना काटा जागचा हलेना, तेव्हा ब्रॅकेटचे बोल्ट आवळले.

पहिला जॉब लावला तो पाच सूत स्टडचाच, फूटभर लांब. नट एका बोटाने शेवटपर्यंत गेला. आता हाफ नटाच्या दांड्यावर लाल रंगाने 'फक्त आटे' लिहिले आहे, आणि फीडचा क्लच दुरुस्तीला काढला आहे. जुन्या स्क्रूचा शेपटाकडचा दोन फूट तुकडा अजून नव्यासारखा आहे. त्याचा मोठ्या व्हाइसला स्क्रू होईल, नट तेवढा करून घ्यायचा.