नी-ओलेसुंदला काजळी मोजायला जाताना

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-ओलेसुंद हे 79 अंश उत्तर अक्षांशाजवळचे गाव कोळशाच्या खाणीसाठी वसले. 1962 च्या दुर्घटनेत 21 कामगार दगावल्यानंतर खाण बंद पडली आणि पुढे तिथे निरनिराळ्या देशांची संशोधन केंद्रे आली. भारताचे ‘हिमाद्री’ त्यांत 2008 पासून आहे, आणि त्याचा कारभार गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. एप्रिलमध्ये तीन आठवडे मी तिथे हिमातील काजळीचे नमुने घेतले. याच कामासाठी जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

व्हिसा दोन प्रवेशांचाच घ्यावा, कारण स्वालबार्ड शेंगेन, म्हणजे युरोपातील सामाईक व्हिसाच्या, क्षेत्राबाहेर असल्याने ओस्लोला परतणे हा नव्याने केलेला प्रवेश ठरतो. स्वालबार्डमधील मुख्य गाव लाँगयिअरब्येन, तिथून पुढचे विमान लहान असते आणि सामानाच्या वजनाची मर्यादा कडक असते. गावात संवेदनशील रेडिओ उपकरणे असल्यामुळे वाय-फाय आणि ब्लूटूथ वापरता येत नाही. माझा तापमाननोंदक ब्लूटूथवर चालणारा होता. तो तीन आठवडे पेटीतच राहिला.

एप्रिल निवडण्याचे कारण असे की, हिवाळ्याचा थर अजून वितळलेला नसतो आणि युरोप-आशियाकडून आलेले धुरकट वायुप्रवाह याच सुमारास जोरात असतात. सूर्यही परतलेला असतो, आणि काजळीचा परिणाम दिसतो तो सूर्यप्रकाशातच. ताजे हिम पडणाऱ्या प्रकाशाचा आठ-नऊ दशांश भाग परत पाठवते. काजळीने त्यात होणारी घट डोळ्यांना दिसणार नाही इतकी अल्प असते. पण वितळण सुरू झाली की पाणी वाहून जाते, काजळी बरीचशी वरच साठते, हिमाचे कण मोठे होतात आणि तेवढीच काजळी अधिक उष्णता शोषू लागते. साऱ्या पृथ्वीच्या हिशेबात हा परिणाम आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या 2013 च्या अहवालाने दर चौरस मीटरला सुमारे 0.04 वॅट धरला आहे. आकडा लहान आहे, मात्र त्याचा भार हिमाच्छादित प्रदेशांवरच पडतो.

स्वालबार्डच्या हिमात 2010 च्या एका व्यापक पाहणीत ग्रॅममागे सुमारे 13 नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) काजळी आढळली होती. म्हणजे लिटरभर वितळलेल्या पाण्यात मिठाच्या एका दाण्याहूनही कमी काजळी! इतक्या थोडक्या गोष्टीचा शोध घेताना सर्वांत मोठा धोका आपल्या स्वतःपासूनच असतो. हिमस्कूटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवून शेवटचे काही शे मीटर चालत जावे, खड्डा वाऱ्याकडे तोंड करून खणावा आणि वीजनिर्मितीच्या डिझेल धुराची दिशा रोज पाहावी. दुसऱ्या दिवशी वारा फिरला तरी मी काम रेटले. ब्रॉगरब्रेन हिमनदीच्या पायथ्याचा तो नमुना गाळला तेव्हा गाळणी इतकी काळी निघाली की क्षणभर मोठा शोध लागल्याचे वाटले. मग स्कूटर कुठे उभी होती ते आठवले आणि सहा पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. रोज एक कोरा नमुना, म्हणजे शुद्ध पाण्याची बाटली नमुने घेण्याच्या जागी नेऊन उघडून तशीच परत आणलेली, गाळल्याखेरीज त्या दिवसाच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

खड्ड्यात वाकलेल्या माणसाला अस्वल दिसत नाही, म्हणून बंदूक घेऊन पहारा देणारा सोबती लागतोच, आणि बंदुकीचे प्रशिक्षण आधी पूर्ण करावे लागते. पहाऱ्यावरच्याला नमुन्याला हात लावू देऊ नये. त्याच्या हातमोज्यांना तेल लागलेले असते.

प्रयोगशाळेत हिम मायक्रोवेव्हमध्ये झटपट वितळवून लगेच 0.4 मायक्रॉनच्या छिद्रांच्या गाळणीतून गाळावे. वितळलेले पाणी पुन्हा गोठवल्यास काजळी बाटलीच्या भिंतींना चिकटते आणि मोजमाप कमी भरते. काचेची बाटली त्यातल्या त्यात बरी. वाळलेल्या गाळणीवर कंदिलाच्या काचेवर धरते तशी पुसट राखाडी छटा उमटते, ती ज्ञात वजनाच्या गाळण्यांशेजारी ठेवून अदमास घेता येतो. छटा तपकिरीकडे झुकली तर धूळ मिसळली आहे असे समजून प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींवर तपासावे.

परतताना गाळण्या झाकणाच्या बशांत घालून हातसामानात ठेवाव्यात. मी प्रत्येक बशीवर दिनांक आणि वाऱ्याची दिशा पेन्सिलीने लिहिली होती, कारण शाई थंडीत गोठते.