मनाला किती लागलं?

फिलाडेल्फियातल्या एका सरकारी शाळेत आठवड्यातून दोन दुपारी मी नववीच्या मुलांना गणितात मदत करायला जाते. पगार नाही, हौस आहे. वर्गातली बहुतेक मुलं ब्लॅक. ('कृष्णवर्णीय' हा आपल्या वर्तमानपत्रांचा शब्द, आणि 'काळा' म्हणायला जीभ रेटत नाही. ती स्वतःला ब्लॅक म्हणवतात, म्हणून मीही तेच लिहिते.)

मागच्या ऑक्टोबरात मी घोळ घातला. वह्या वाटताना पहिल्या बाकावरच्या मुलाला भलत्याचीच वही दिली. त्याने ती न उघडता मागे सरकवली आणि फळ्याकडे बघत म्हणाला, "तो मी नाही, मिस." महिन्यातली ही तिसरी वेळ. बरं, दोघांत साम्य काहीच नाही. एक ताडमाड उंच, दुसरा बुटका, चष्मेवाला. पुढचा अर्धा तास याने एकही गणित सोडवलं नाही, नुसता पेन्सिलीचं खोडरबर दातांनी कुरतडत बसला. राग आला का विचारलं, तर खांदे उडवले. "इट्स फाइन."

घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं, ऑफिसात मलाही दुसऱ्या इंडियनच्या नावाने हाक मारतात. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, याच प्रश्नावर इथे कितीतरी मानसशास्त्रज्ञांनी वर्षं घालवली आहेत, हे मला नंतर कळलं. वर्णभेदाने मुलांच्या मनावर येणारा ताण मोजायच्या रीतसर प्रश्नावल्या आहेत. न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठातल्या सीलिया फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली किशोरवयीन मुलांसाठी अशीच एक केली. त्यात प्रसंग पंधरा. वरच्या पातळीच्या वर्गात जाऊ नकोस म्हणून कुणी परावृत्त केलं का? चूक नसताना शिक्षा झाली का? दुकानातल्या रखवालदाराने त्रास दिला का? लोक तुला घाबरल्यासारखे वागले का? प्रत्येक प्रसंगाला प्रश्न दोन. एक, असं झालं का? दुसरा, झालं असेल तर किती लागलं?

हा दुसरा प्रश्न मला फार शहाणा वाटतो, आणि फसवाही. कारण चौदा वर्षांचा मुलगा 'काहीच लागलं नाही' वर खूण करतो तेव्हा तो खरंच तसा असतो, की रोजच्या सवयीने घट्टा पडलेला असतो, हे कागदावर दिसत नाही. माझ्या त्या मुलाने 'इट्स फाइन'वरच खूण केली असती, आणि गणितं तर कोरीच होती.

आणि आकडा एका दिवसाचा नसतो. नवऱ्याचं वर्षातून दोनदा होतं. वॉशिंग्टनमधल्या १३ ते १७ वयाच्या १०१ ब्लॅक मुलांना दोन आठवडे रोज विचारून केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली दिवसाला पाचहून जास्त प्रसंग! बरेचसे फोनच्या पडद्यावरचे, काही स्वतःच्या वाट्याचे, काही दुसऱ्याच्या बाबतीत घडताना पाहिलेले. शिक्षेचा मुद्दाही हवेतला नाही. २०१३-१४ साली देशभरच्या सरकारी शाळांत ब्लॅक मुलं होती साधारण साडेपंधरा टक्के, पण शाळेतून काही दिवस काढून टाकलेल्यांत ३९ टक्के.

इथे आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. २०२३ साली सरकारच्या आरोग्य खात्यातल्या सीडीसी या संस्थेने हायस्कूलच्या देशव्यापी पाहणीत विचारलं की वंशामुळे शाळेत तुला कधी वाईट वागणूक मिळाली का. ब्लॅक मुलांपैकी जवळपास ४६ टक्के 'हो' म्हणाली, आणि एशियन मुलांपैकी ५७ टक्के. मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकलं तर एकीने लगेच लिहिलं, "बघ, आपल्याच मुलांना जास्त." मला ते पटलं नाही. त्या प्रश्नातून किती जणांना अनुभव आला ते कळतं; प्रत्येकाच्या अंगावर त्याचं ओझं किती, ते नाही. डब्यातल्या भाजीच्या वासावरून चिडवणं वाईटच, पण रखवालदार मागे मागे फिरणं ही निराळी जात. (जात शब्द आला तसा साताऱ्याचा आमचा वर्ग आठवला. नव्या मुलीला पहिल्यांदा आडनाव विचारायचं, आणि मग डबा तिच्याबरोबर खायचा की नाही ते ठरायचं. मी विचारणाऱ्यांत होते. तिला किती लागलं, हे मोजायला कुणी आलं नव्हतं.)

याच शहरातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हॉवर्ड स्टीव्हन्सन नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांची रीत साधी आहे. प्रसंग घडला की मुलाने स्वतःलाच विचारायचं, काय वाटतंय, आणि एक ते दहात किती? ते शरीरात कुठे जाणवतंय, पोटात की जबड्यात? मनात कोणतं वाक्य चालू आहे? मग श्वास आत, आणि सावकाश बाहेर. मुलाला ताणाचा आकडा सांगता आला की त्याला त्या क्षणी वागायला थोडी जागा मिळते, असा त्यांचा विचार.

मी नोव्हेंबरात त्या मुलाची माफी मागितली, आणि धीर करून विचारलं, "एक ते दहात किती होतं?"

"तुमचं? तीन," तो म्हणाला. मग जरा थांबून, "गेटचं विचारा ना."

गेटवर रोज सकाळी मेटल डिटेक्टर. माझ्या मैत्रिणींची मुलं जातात त्या उपनगरातल्या शाळांत तो नाही. म्हणाला, सात. बॅग उलटी करतात, कंपासपेटीतलं कर्कटक टोकदार म्हणून काढून घेतात, आणि तिसऱ्या तासाला भूमितीच्या बाई त्यालाच विचारतात, कर्कटक का आणलं नाहीस?