आमची वाटचाल : गाळ, भुसा आणि बांबू

ठाण्यात घोडबंदर रोडवर टॉवर उभे राहू लागले आणि प्रत्येक मोठ्या संकुलात एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, आला. शुद्ध झालेलं पाणी फ्लशला जातं, बागेला जातं, त्याचं कौतुक सगळे करतात. फिल्टर प्रेसमधून, म्हणजे गाळ कापडात दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातून, निघणारा गाळ मात्र कुणालाच नको असतो. आमचा धंदा या नकोशा मालावर उभा आहे: त्याचं खत करून विकायचं. सुरुवातीला मी आणि माझा भागीदार, दोघंच. तो आधी एसटीपी ऑपरेटर होता. प्रेसचं कापड धुवायला आलंय हे त्याला पंपाच्या आवाजावरून कळायचं. घरी आईला आम्ही ‘बागेचं काम’ एवढंच सांगितलं होतं.

प्रेसमधून आलेल्या गाळातही पाऊण हिस्सा पाणीच असतं. नायट्रोजन भरपूर, कार्बन कमी. नुसता ढीग लावला तर अमोनियाने डोळे चुरचुरतात. म्हणून वखारीतला जाड भुसा आणि छाटलेल्या फांद्यांचा चुरा मिसळायचा. पिठासारखा बारीक भुसा कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, ढिगात हवा खेळत नाही. मग लांब दांड्याचा थर्मामीटर ढिगाच्या पोटात खुपसायचा. ५५ अंश किंवा त्याहून जास्त, निदान १५ दिवस, आणि तेवढ्या काळात ५ पलट्या, हा अमेरिकेतला नियम आम्ही पहिल्यापासून पाळतो. त्या उष्णतेत जंतांची अंडी मरतात. पुढे ढीग मुरू द्यायचा, मग चाळण. आमचा पहिला थर्मामीटर अजून वापरात आहे. तबकडीची काच तडकलीय, आकडा खरा दाखवतो.

या मुरण्याचे पैसे कुणी देत नाही, खरं दुखणं तेच. रस्त्याकडेच्या झाडांसाठी खत पुरवण्याचं एक मोठं काम आमच्या हातात आलं असतं. ते निम्म्या दरात एका ठेकेदाराने नेलं. निम्म्या दरात कसं परवडतं, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. कोवळा गाळ उचलायचा, लाल मातीत कालवायचा, गोणीवर ‘सेंद्रिय’ छापायचं. पहिल्या पावसात वास सुटला, माश्या घोंगावू लागल्या आणि थोड्याच दिवसांत झाडांच्या आळ्यांत टोमॅटोची रोपं उगवली! टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून, गटारातून, एसटीपीतूनही जिवंत बाहेर पडतं. नीट तापलेल्या ढिगात ते टिकत नाही. याहून स्वस्त लॅब रिपोर्ट कुठे मिळणार?

पण बोंब झाली ती ‘एसटीपीच्या खताची’. ठेकेदार बिल घेऊन मोकळा झाला आणि संकुलांच्या कमिट्यांनी आम्हाला गेटवर अडवलं. ठरलेल्या ऑर्डरी रद्द झाल्या. तयार माल आवारात पडून, जागामालक रोज फोन करून जागा रिकामी करा म्हणतोय. भागीदाराने त्याच वेळी नोकरी धरली. त्याला दोष देत नाही, घरी लहान मुलं होती.

तगलो ते मुरबाडच्या काकांमुळे. त्यांच्या मुरमाड माळावर बांबू होता. काही ओळींना आमचं खत आणि काहींना नाही, असं त्यांनी मुद्दाम केलं होतं. खत घातलेल्या ओळींचे कोंब मनगटाएवढे, बाकीचे बोटाएवढे. काका स्वतः टेम्पो घेऊन आले, मूठभर खत नाकाशी धरलं आणि सगळा ढीग उचलायचं ठरवलं. त्यातही गोणीमागे घासाघीस केलीच, वर वाहतूक आमच्या माथी मारली. आजही ते तसंच करतात आणि आजही पहिला माल त्यांचाच.

पुढची वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

हे खत घेणाऱ्यांना चार गोष्टी सांगतोच. झाडांना द्या, पालेभाजीला नको. जड धातूंचा रिपोर्ट मागा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे शिसं १००, कॅडमियम ५, निकेल ५० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. एमआयडीसीच्या पट्ट्यातला गाळ आम्ही उचलत नाही तो याचसाठी, कारण धातू तापवून मरत नाहीत. पालाश (पोटॅश) पाण्याबरोबर निघून गेलेलं असतं, म्हणून राख द्या. मात्र ती ढिगात मिसळू नका, अमोनिया उडून जातो. आळ्यात वेगळी टाका. आणि ऐन आषाढात खत घालू नका. आपल्याकडच्या पावसात नायट्रोजन सरळ शेजारच्याच्या विहिरीत जातो. थोडं मृगाच्या आधी, उरलेलं पाऊस ओसरल्यावर.

गेटवर अडवणाऱ्यांपैकी बहुतेक कमिट्या आता स्वतःहून फोन करतात. त्यांच्याकडून गाळ उचलण्याचे पैसे आम्ही आगाऊ घेतो. तो ठेकेदार हल्ली मियावाकी जंगलं, म्हणजे थोड्या जागेत दाट लावलेली झाडं, लावून देतो म्हणे. खत कुठून आणतो, ते अजून कुणी त्याला विचारलेलं नाही.