तुम्ही विचारलंत म्हणून: शब्दकोशातली गाठ

जाहिरातलेखनाच्या कार्यशाळेत "कल्पना सुचण्याचं तुमचं तंत्र कोणतं?" हा प्रश्न आला, की मी शब्दकोशाची गोष्ट सांगतो. ती मी अर्धीच सांगत आलो आहे.

अर्धी गोष्ट अशी. अडलेल्या प्रश्नाला कोणताही एक शब्द जोडून पाहायचा, या विचारतंत्रांचे लेखक एडवर्ड डी बोनो यांच्या पद्धतीप्रमाणे मी डोळे मिटून शब्दकोश उघडला, बोट 'गाठ' या शब्दावर पडले, आणि अडून बसलेली लोणच्याची जाहिरात पाच मिनिटांत उभी राहिली: लोणचे दाखवायचेच नाही, केवळ बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा, त्यावर आजीने मारलेली गाठ आणि ती दातांनी सोडवू पाहणारा नातू. जाहिरात गाजली.

तीन वर्षांनी माळा आवरताना त्या कामाच्या पहिल्या बैठकीची वही सापडली. माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'फक्त दादऱ्याची गाठ. लोणचे नको.' शेजारी नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलीचे आद्याक्षर, आणि त्यावर मी मारलेली फुली. ती बैठक जाहिरात क्षेत्रातल्या अ‍ॅलेक्स ऑस्बोर्न यांच्या ब्रेनस्टॉर्मिंगच्या, म्हणजे गटाने मिळून कल्पना सुचवत जाण्याच्या, नियमांनी चालायची होती. कोणत्याही कल्पनेवर तिथल्या तिथे टीका करायची नाही, हा नियम फळ्यावर मीच लिहिला होता. तरीही तिचे बोलणे संपताच मी विचारले होते, "आपल्याला लोणचं विकायचंय की फडकं?" सगळे हसले. त्या बैठकीत ती पुन्हा बोलली नाही.

मी चोरी केली नाही, असे मी आजही म्हणेन. शब्दकोश खरोखरच त्या पानावर उघडला होता. पण 'गाडगे' आणि 'गाढव' हे शब्दही तिथेच जवळ असताना बोट नेमके 'गाठ'वरच का थांबले, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. चौघांच्या गटापेक्षा एकेकटे बसलेल्या चौघांच्या एकत्रित यादीत जवळपास दुप्पट कल्पना निघाल्या, हा येल विद्यापीठातील १९५८ चा प्रयोग मी बैठकांविरुद्ध हिरिरीने सांगत असे. निष्कर्ष खोटा नाही. मात्र माझ्या एकांतात आलेली कल्पना बैठकीतूनच आली होती, आणि ती तिथे का मेली हे मला ठाऊक आहे.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "सर, गाठ मी विसरूनच गेले होते. फडकं लक्षात आहे."

पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यशाळा आहे. तंत्र विचाराल तर शब्दकोशच सांगेन, दुसरे मला येत नाही. वही सोबत न्यायची की नाही, ते अजून ठरलेले नाही.