डोळे मिटले की पाय कुठे आहेत ते कळेना

तोल जातो म्हटलं की प्रत्येकाकडे निदान तयार असतं. कान तरी, नाहीतर मानेचे मणके. मी मानेला पट्टा लावूनही फिरलो. माझं दुखणं वेगळंच होतं. उजेडात मी ठीक चालायचो. बेसिनवर डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं की झोकांडी जायची आणि पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी पत्ता नसायचा.

शेवटी न्यूरॉलॉजिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला लावले. मी असा डोललो की त्यांनीच दंड धरला. ही रोम्बर्गची चाचणी. मग पायाचा अंगठा चिमटीत धरून किंचित हलवायचा: "काका, वर की खाली?" धरायचा दोन्ही कडांनी, कारण वरून-खालून धरला तर दाबावरूनच दिशा कळते. मी अगदी ठासून उत्तरं दिली आणि निम्मी चुकली. थरथरणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) घोट्यावर टेकवला तर काहीच नाही. गुडघ्यावर मात्र झणझणलं.

स्नायू-सांध्यांकडून अवयवाच्या स्थितीची खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूला जाते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टनने १९०६ साली तिला प्रोप्रिओसेप्शन म्हटलं, माझ्या कागदावरही तोच शब्द. माझी ती वाट बिघडली होती, डोळे सांभाळून घेत होते.

कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. घरात अंडंही चालत नाही, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, जी बी-१२ नीट शोषू देत नाही. हिमोग्लोबिन चांगलं, म्हणून कुणाला शंका आली नाही. फॉलिक ॲसिड चालू होतं ना! त्याने रक्त सुधारतं, नसांची झीज थांबत नाही.

इंजेक्शनं आधी एक दिवसाआड, मग लांबत गेली. खरी परीक्षा फ्रेंकेलच्या, म्हणजे हालचालींवर ताबा आणणाऱ्या व्यायामांची. टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून सरळ खाली न्यायची, आधी बघत, मग डोळे मिटून. फिजिओ मुलगी मराठी छान बोलते, पण मोजते "एक, बे, त्रण". आमच्या बडोद्यात हे चालायचंच. कामाटीबागेत गवतावर अनवाणी चाला, असं शेजाऱ्यांनी सुचवलं. बाईंनी साफ मनाई केली. मधुमेहात काही टोचलं तरी कळायचं नाही.

बराच फरक आहे. उजव्या अंगठ्याची दिशा अजून चुकते. दोघांचं जेवण एकच, म्हणून बायकोचंही बी-१२ तपासलं. तेही कमी निघालं. आता कंपाउंडरकडे दोघं बरोबरच जातो.