तुम्ही विचारलंत म्हणून: ते वरचं खाली पडत नाही का?

बॅकस्टेजला काम करतो म्हटलं की लग्नात, ट्रेनमध्ये, कुठेही हाच प्रश्न येतो, की स्टेजवर एवढे पडदे, झालरी, लाइटं टांगलेली असतात, चालू नाटकात काही पडलं तर? तुम्ही पहिल्या रांगेचं तिकीट बिनधास्त काढा. माझी टरकते ती नाटक संपल्यावर.

आमच्याकडे काउंटरवेट आहे. आडवा पाईप असतो, त्याला आम्ही बार म्हणतो, त्याच्या वायर रोप छताच्या पुल्यांवरून बाजूच्या भिंतीकडे जातात आणि तिथे लोखंडी पाळण्यात वजनं रचलेली. बारला १२० किलोचा सेट टांगला तर पाळण्यात १२ किलोच्या दहा विटा, बारच्या स्वतःच्या वजनाच्या वेगळ्या, त्या कायम आतच. पारडी जुळली की एकटा माणूस दोरी ओढून सगळं वर नेतो.

खाली दोरीला लॉक असतो, त्याला सगळे ब्रेक समजतात आणि तिथेच फसतात. तो फक्त जुळलेली पारडी हलू देत नाही, वीस-पंचवीस किलोचा फरक पडला की दोरी त्यातून सरकायला लागते. म्हणून चढवताना आधी सेट आणि मग विटा, उतरवताना आधी विटा आणि मग सेट. कारण सामान टांगायला-सोडायला बार खाली घेतलेला असतो, म्हणजे पाळणा पार वर. बार जड झाला तर जाऊन जाऊन जाणार कुठे, खालीच आहे तो, पण हलका झाला की वरचा पाळणा सुटलाच म्हणून समजा.

माझ्या समोर सुटलाय. रात्रीचे साडेअकरा, दुसऱ्या दिवशी बाहेरगावी प्रयोग, टेम्पोवाला हॉर्न मारतोय, आणि विटा काढणारा वर पाळण्याजवळच्या गॅलरीत पोचायच्या आत पोरांनी फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) बारवरून सोडून टाकले. मी लॉकपाशी होतो. दोरी पळायला लागली आणि मी मूर्खासारखी ती धरली! पाळणा धाडकन तळाला, बार छताला, दोन विटा उडून विंगेत, कुणाला लागलं नाही हे नशीब. माझे दोन्ही तळहात सोलले, आठ दिवस आईने भरवलं. पळती दोरी धरायची नसते, बोंब मारायची आणि बाजूला व्हायचं, हे मला आधी माहीत होतं बरं का.

बाकी मेन्टेनन्स म्हणजे कंटाळवाणं काम. वायर रोपवर सुती चिंधी फिरवायची, तार तुटलेली असेल तिथे धागा अडकतो (उघडा हात फिरवाल तर कातडं अडकतं). वायर रोपचं टोक वळवून जिने आवळतात त्या क्लिपचा यू-बोल्ट कापलेल्या टोकाकडे यायला हवा, उलटा लावला तर भार घेणारी बाजूच चेपते, आणि उलटे लावलेले मी इतके पाहिलेत की आता मोजत नाही. पावसाळ्यात हाताने ओढायची ती मनिला (जाड काथ्यासारखी) दोरी ओल धरून आखडते, बार जड चालतो, मग खालची पुली थोडी वर घ्यायची, दिवाळीनंतर दोरी ढिली पडली की परत खाली.