कापसाचे पैसे आले, पण खुशी किती दिवस?

दिवाळीच्या आगेमागे कापसाची पहिली वेचणी विकली जाते आणि खान्देशात घराघरात रोकड खेळू लागते. मग जळगावच्या सराफ बाजारात एखादा दागिना, दारात नवी मोटारसायकल. हा आनंद खोटा नसतो, त्याला नावं ठेवू नयेत. पण संक्रांतीपर्यंत त्या गाडीची नवलाई ओसरलेली असते.

जी गोष्ट रोज तशीच समोर असते, तिची दखल घेणं मन सोडून देतं. डोपामिन हे मेंदूतलं रसायनही अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तरच उसळतं, ठरल्याइतकं मिळालं की गप्प बसतं. म्हणूनच गाडी घरी यायच्या आदल्या रात्री जी हुरहूर असते, ती पुढे गाडी चालवताना राहत नाही.

१९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांचा अभ्यास केला. ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट रोजच्या साध्या गोष्टींत त्यांना कमी गोडी वाटत होती. यावरून ‘पैशाने काही होत नाही’ असं सांगणारे घाई करतात. स्वीडनमधला २०२० चा अभ्यास कितीतरी मोठा आहे. त्यात मोठी लॉटरी लागलेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलंच होतं. रोजच्या खुशीत मात्र त्यामानाने थोडाच फरक होता. या समाधानात घरची आर्थिक घडी बसल्याचा वाटा मोठा होता.

म्हणून आधी कृषी केंद्राची उधारी आणि सोसायटीचं कर्ज. हा खर्च कुणाला दिसत नाही, फोटो काढण्यासारखा नाही, पण रात्रीची झोप यानेच लागते.

उरलेल्यातून थोडे पैसे माणसांवर घाला. हिवाळ्यात शेतातली भरीत पार्टी याला सगळ्यात सोपी. हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी घ्या आणि टोचून ठेवा, नाहीतर विस्तवात फुटतात. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ एकदम भडकतो, त्यामुळे वांगं वरून करपतं आणि देठाशी कच्चं राहतं. ते सारखं फिरवायला एक माणूस तिथेच बसलेला हवा. दुसरा सालं काढतो, तिसरा मिरची-लसूण ठेचतो, कुणी कांद्याची पात चिरतो. शेंगदाण्यांची फोडणी पडेपर्यंत भूक कडकडून लागलेली असते. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी सोबत असली की झालं. तेच भरीत हॉटेलातून बांधून आणलं तर पोट भरतं, पण वाट पाहणं आणि हाताला हात लागणं निघून जातं. टिकतं ते नेमकं तेच. मात्र दर रविवारी पार्टी ठेवली तर तीही मोटारसायकलीच्याच वाटेने जाईल. महिन्यातून एकदा पुरे, आणि दरवेळी एखादं नवं माणूस बोलवा.

दुसरा उपाय फुकटचा आहे. आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल मनातून बरं वाटलं अशा पाच गोष्टी वहीत लिहा. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिरस्की यांच्या प्रयोगात सहा आठवडे असं लिहिणाऱ्यांना फायदा झाला. आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही, कारण बहुधा त्याचाही रतीब होतो. लिहिताना ‘घरचे चांगले आहेत’ असं मोघम नको. ‘विहिरीची मोटर बंद पडली तेव्हा शेजारचे आप्पा बॅटरी घेऊन अंधारात आले’ इतकं नेमकं लिहा, आणि जमलं तर ते आप्पांना वाचून दाखवा.